अर्ध्या ठिपक्याचा निवाडा

१९७७ सालच्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापन करणारे डोनाल्ड क्नूथ ह्यांच्या हाती त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ ह्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाच्या सुधारित आवृत्तीची मुद्रिते पडली. आणि ज्या ग्रंथकर्त्याने आपल्या मजकुरातील एकेक चूक दाखवून देणाऱ्या वाचकास रोख बक्षीस लावून ठेवले होते, त्याला ह्या खेपेस मजकुरात नव्हे तर खुद्द अक्षरांतच दोष दिसू लागले. पहिली आवृत्ती मोनोटाइप यंत्रावर, शिशाच्या खिळ्यांनी, गणिताची जुळणी अंगवळणी पडलेल्या कसबी कामगारांच्या हातून निघालेली होती. मधल्या काळात ते यंत्र, ते शिसे आणि ते हात हे तिन्ही कालबाह्य ठरून त्यांच्या जागी प्रकाशचित्रणाने अक्षरे उमटविणारी यंत्रे आली होती, आणि त्या यंत्रांनी क्नूथ ह्यांची सूत्रे अशा अवकळेत छापली होती की आपला ग्रंथ ह्या रूपाने जगापुढे यावा ही कल्पनाच त्यांना असह्य झाली.

योगायोग असा की, त्याच वर्षाच्या प्रारंभी एका दुसऱ्या ग्रंथाची मुद्रिते त्यांच्या पाहण्यात आली होती, आणि ती निघाली होती एका अगदी नव्या जातीच्या यंत्रावर, ज्यात अक्षर म्हणजे शिशाचा तुकडाही नव्हता आणि काचेवरील प्रतिमाही नव्हती. तेथे होते ते केवळ बारीक चौकटींचे जाळे, आणि त्यातील प्रत्येक चौकट काळी की पांढरी ह्याचा एक वा शून्य असा दाखला. शून्य आणि एक ह्यांचाच व्यवहार करण्यात ज्याची हयात चाललेली, त्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल ह्याचा अंदाज करणे कठीण नाही. मुद्रणाची कला धातुशास्त्राच्या आणि प्रकाशशास्त्राच्या ताब्यातून निघून आता गणिताच्या अमलाखाली आली आहे, सबब आपल्या ग्रंथाची शोभा आपणच राखली पाहिजे, असा निश्चय करून त्यांनी दोन प्रणालींचा संकल्प सोडला: पाने जुळविणारी ‘टेक’ आणि अक्षरे घडविणारी ‘मेटाफाँट’. रजेच्या एका वर्षात हे काम हातावेगळे होईल असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात ह्या उद्योगाची सांगता करणारे पाच खंड १९८६ साली बाहेर पडले.

त्या विलंबाची कारणे अनेक सांगता येतील. परंतु मला त्यातील जे कारण सर्वांत उद्बोधक वाटते, ते एका अत्यंत क्षुद्र भासणाऱ्या वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे अपूर्णांक. अक्षराची रेषा गणितात हवी तेथून जाऊ शकते. कागदावरील ठिपका मात्र अर्धा काळा होत नाही. तेव्हा प्रत्येक रेषेच्या प्रत्येक काठाबाबत कोणी तरी, कोणत्या तरी नियमाने, अलीकडचा ठिपका धरावयाचा की पलीकडचा ह्याचा निवाडा केलाच पाहिजे. आणि असे निवाडे एका पानावर लक्षावधी होतात.

अक्षर भूमितीत बसविण्याचा हव्यास तसा जुनाच आहे. इटलीत लूका पाचोली ह्याने १५०९ साली आणि जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूरर ह्याने १५२५ साली रोमन अक्षरे कंपास-पट्टीने काढण्याच्या रीती छापून प्रसिद्ध केल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या राजमुद्रणालयासाठी नेमलेल्या विद्वानांच्या मंडळाने तर प्रत्येक मोठे अक्षर २३०४ चौकटींच्या जाळ्यावर आखून दिले. मात्र ते अक्षर पोलादात कोरणारा फिलिप ग्रांजाँ हा कारागीर मंडळाच्या आराखड्यापुढे मान तुकवूनही हाताने आपल्या नजरेचाच कौल मानीत राहिला, आणि जाळ्यातील रेषा व कोरलेली अक्षरे ह्यांत जी तफावत पडली तिच्यामुळेच ती अक्षरे वाचनीय झाली, असे जाणकार म्हणतात. क्नूथ ह्यांच्यापुढील अडचण अशी की, त्यांच्या दरबारी ग्रांजाँ नव्हता. तेथे नजरेचे कामही आज्ञावलीनेच करावयाचे होते.

प्रारंभी त्यांनी सोपा मार्ग चोखाळून पाहिला. जुन्या आवृत्तीतील सुबक अक्षरांची छायाचित्रे घेऊन ती जशीच्या तशी ठिपक्यांत उतरवावी, हा तो मार्ग. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत ह्या कामास योग्य असा कॅमेरा होता, पण त्यावर घडविलेल्या अक्षरांवर कंपनीचा हक्क राहील अशी अट पुढे आल्यामुळे त्यांनी तो नाद सोडला. आणि स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत जो दूरचित्रवाणीचा कॅमेरा मिळाला, त्यात दिव्याचा उजेड किंचित कमीजास्त झाला की अक्षराचा दांडा लठ्ठ वा रोड होऊ लागला. तेव्हा अक्षराची प्रतिमा न घेता ते अक्षर काढणाऱ्याच्या मनातील हेतू सूत्ररूपाने लिहून काढावा, ह्या निष्कर्षाला ते आले. बहुतेक अक्षरे ह्या रीतीला वश झाली. एस ह्या एका अक्षराने मात्र त्यांना तीन दिवस आणि तीन रात्री छळले, आणि त्यांची ती ओढाताण पाहून पत्नी जिल हिने, ते अक्षर एसच्या आकाराचे का करीत नाही, असा त्यांना सरळ प्रश्न केला. ह्या प्रसंगाची हकीकत क्नूथ ह्यांनी स्वतःच पुढे एका गणितविषयक नियतकालिकात लिहून ठेवली आहे, आणि त्यातील विनोदाचा रोख अर्थात स्वतःवरच आहे.

आता अपूर्णांकाची पीडा नेमकी कोठे होते ते एका उदाहरणाने पाहिल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळावयाचे नाही. क्नूथ ह्यांच्या ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ अक्षरमालिकेतील दहा पॉइंटी अक्षरांच्या लहान एम ह्या अक्षरास तीन उभे दांडे असतात, आणि प्रत्येकाची जाडी पॉइंटाच्या २५/३६ इतकी ठरलेली आहे. ७२.२७ पॉइंटांचा एक इंच, आणि यंत्र दर इंचास ३०० ठिपके उमटविणारे, असे धरले तर ही जाडी २.८८ ठिपके भरते. आता पहिल्या दांड्याची डावी कड १०.३ ह्या स्थानी पडली, तर उजवी पडते १३.१८ वर, दोन्ही कडा जवळच्या पूर्णांकावर आणल्या की १० आणि १३, म्हणजे दांडा तीन ठिपक्यांचा झाला. दुसऱ्या दांड्याची डावी कड, त्याच्यापुरती मोजणी नव्याने धरून, १०.६ अशा अपूर्णांकावर पडली, तर उजवी १३.४८ वर येते. पूर्णांक ११ आणि १३, म्हणजे दांडा दोनच ठिपक्यांचा. दोन्ही वेळी गणित बिनचूक, दोन्ही वेळी नियम एकच, आणि तरीही एकाच अक्षराचा एक पाय दुसऱ्याहून दीडपट जाड! वाचकाच्या डोळ्यास ठिपक्याच्या दहाव्या हिश्शाचे स्थलांतर कधीही कळत नाही. पण शेजारी-शेजारी उभे असलेले दोन दांडे विषम झालेले त्याला तात्काळ खुपतात. म्हणून जाडीचा पूर्णांक आधी एकदाच ठरवावा, तो सर्व दांड्यांना सारखा लागू करावा, आणि मग उरलेली चूक स्थानाच्या पदरात टाकावी, म्हणजे दांडा किंचित सरकला तरी चालेल पण बारीक होता कामा नये, असा शिरस्ता मेटाफाँटमध्ये घालून देण्यात आला. ह्या प्रणालीच्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण केवळ ह्याच विवेकासाठी खर्ची पडले आहे, आणि माझ्या मते ते त्या ग्रंथाचे हृदय होय. चूक नाहीशी करता येत नाही हे त्यात प्रथमच मान्य केले आहे. विचार चालला आहे तो ती कोणाच्या माथी मारावी ह्याचा.

मात्र हे शहाणपण प्रथमपासून सिद्ध नव्हते. १९७९ सालच्या पहिल्या मेटाफाँटने घडविलेल्या अक्षरांत दुसरा खंड १९८१ साली प्रसिद्ध झाला. तो ज्या यंत्रावर निघाला, ते दर इंचास पाच हजारांहून अधिक ठिपके टाकणारे, म्हणजे जेथे पूर्णांकाचा उपद्रव जवळजवळ नसावा असे होते. तरीही ग्रंथ हाती पडताच क्नूथ ह्यांना आनंदाऐवजी विषादच झाला, कारण आता यंत्राकडे बोट दाखविण्याची सोय राहिली नव्हती आणि दोष अक्षरांच्या मूळ रेखाटनातच होते. त्यानंतर हेरमान झाप्फ, मॅथ्यू कार्टर, चार्ल्स बिगेलो, रिचर्ड साउथॉल ह्यांसारख्या अक्षररचनाकारांच्या सहवासात ते अक्षरे पुनश्च शिकले, आणि १९८४ साली मेटाफाँट मुळापासून नव्याने लिहून काढण्यात आली.

त्याआधीच टेकचे पुनर्लेखन झाले होते, आणि त्याची प्रेरणा अपूर्णांकांतच होती. पहिली टेक अपूर्णांक संख्यांचे गणित यंत्राच्या स्वाधीन करीत असे, आणि त्या काळात प्रत्येक कंपनीच्या यंत्राचा ह्या बाबतीतला कायदा निराळा होता. स्टॅनफर्डच्या यंत्रात संख्येची रुंदी ३६ अंकस्थाने, तर आयबीएमची यंत्रे सोळाच्या पटीत हिशेब करणारी. सर्वांना समान असा नियम आयईईई ह्या संस्थेने १९८५ साली जाहीर केला, तोवर एकाच भागाकाराचे उत्तर गावोगाव शेपटाशी बदलत असे. एखाद्या शास्त्रीय गणितात असा फरक क्षम्य ठरेल. परंतु जेथे ओळ कोठे तोडावयाची ह्याचा निर्णय दोन पर्यायांच्या तुलनेवर अवलंबून असतो, तेथे शेवटच्या स्थानावरील एका अंकाने पारडे फिरते, ओळ दुसऱ्या शब्दावर तुटते, परिच्छेद एका ओळीने वाढतो, पान पुढे सरकते, आणि बॉस्टनमध्ये छापलेल्या ग्रंथाची पाने पालो आल्टोमध्ये छापलेल्या ग्रंथाशी जुळेनाशी होतात. १९८२ च्या टेकमध्ये म्हणून असा दंडक घातला गेला की, ओळी आणि पाने ह्यांच्या निर्णयात येणारे सर्व गणित केवळ पूर्णांकांत व्हावे. एका पॉइंटाचे ६५,५३६ भाग कल्पून त्यातील एक भाग हे लांबीचे मूलमान ठरले. दृश्य प्रकाशाच्या लहरीची लांबी अशा सुमारे शंभर भागांइतकी भरते, म्हणजे ह्याहून सूक्ष्म मोजमाप करून पाहणाऱ्याच्या पदरात काही पडणारे नव्हते.

हा दंडक पाळण्यासाठी जी सावधगिरी बाळगली गेली, ती पाहून पेशवाईतील एखाद्या चोख फडणिसाचीच आठवण यावी. विषम संख्येचे अर्धे करताना वरचा पूर्णांक घ्यावयाचा, हा नियम उच्चारून सांगितला. ऋण संख्येचा भागाकार निरनिराळी यंत्रे निरनिराळ्या दिशेने पूर्णांकात आणतात, म्हणून ऋण संख्या भागावयाचीच नाही, असा निर्बंध घातला. ओळ किती बेढब ताणली गेली आहे हे मोजणारा दोषांक म्हणजे ताणाच्या गुणोत्तराच्या घनाची शंभरपट. तो काढण्यासाठीही अपूर्णांकाला स्पर्श न करता २९७ ह्या संख्येने गुणून घन करावयाचा आणि दोनाच्या अठराव्या घाताने भागावयाचे, कारण २९७ चा घन त्या घाताच्या ९९.९४ पट असतो. शंभराच्या ऐवजी ९९.९४ आले तर बिघडत काहीच नाही. मात्र जगातील प्रत्येक यंत्रावर तेच ९९.९४ आले पाहिजे. उत्तर खऱ्याच्या कितपत जवळ आहे ह्यापेक्षा ते सर्वत्र एकच आहे की नाही ह्याला इतके महत्त्व देणारा गणिती विरळा, आणि मला वाटते की ह्या एका बाबतीत क्नूथ गणित्यापेक्षा मुलकी कारभाऱ्याच्या भूमिकेत अधिक वावरले.

ह्या धोरणाचे काही परिणाम आजही नवख्यास बुचकळ्यात पाडतात. टेकला एक इंच लांबी सांगून तीच पॉइंटांत परत विचारली, तर ७२.२७ असे उत्तर न येता ७२.२६९९९ असे येते. कारण इंचाचे मूलमानात रूपांतर करताना ४७,३६,२८६ पूर्ण भाग जमा होतात आणि उरलेला पाऊण भाग सोडून दिला जातो. लपविण्याजोगे त्यात काही नसल्यामुळे ते लपविलेले नाही. उलट ०.४ पॉइंट अशी जाडी दिली, तर आत २६,२१४ हा पूर्णांक साठविला जातो, ज्याचे काटेकोर दशमान रूप ०.३९९९९३ असे काही तरी कुरूप होईल. पण टेक परत सांगते ते ०.४. असे का घडते? तर जी दशमान संख्या पुन्हा आत घातली असता तोच पूर्णांक मिळेल, अशांपैकी सर्वांत आखूड संख्या छापावयाची, असा नियम तिला शिकविलेला आहे. हे काम करणारी आज्ञावली जेमतेम काही ओळींची आहे. ती नेहमीच बरोबर उत्तर देते ह्याची सिद्धता मात्र इतकी बिकट निघाली की, डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा ह्यांच्या गौरवार्थ १९९० साली निघालेल्या ग्रंथात क्नूथ ह्यांनी तेवढ्याच विषयावर एक स्वतंत्र लेख लिहिला, आणि आज्ञावली सोपी पण सिद्धता तशी नव्हे ह्या आशयाचे शीर्षक त्याला दिले.

पान जुळले, तरी ते ठिपक्यांत उतरविणे बाकी राहते, आणि तेथे अपूर्णांक पुन्हा डोके वर काढतो. टेक प्रत्येक अक्षराचे स्थान आपल्या सूक्ष्म मानाने लिहून ठेवते. ती नोंद, जिचा नमुना १९७९ मध्ये डेव्हिड फुक्स ह्यांनी आखला, वाचून छापणारी आज्ञावली निराळी असते. दर इंचास ३०० ठिपक्यांच्या यंत्रावर लहान आय किंवा एल ह्या अक्षराची रुंदी ११.५३ ठिपके भरते, आणि अक्षर तर बारा ठिपके पुढे सरकते. प्रत्येक अक्षर आपापल्या खऱ्या स्थानाच्या निकटतम ठिपक्यावर ठेवावे, तर दोन शेजारी अक्षरांतील अंतर कोठे अकरा तर कोठे बारा पडून शब्दाची वीण उसवते. आणि सर्वत्र बाराच धरावे, तर पाच अक्षरांत दोन ठिपक्यांहून जास्त चूक साचून ओळीचा उजवा काठ वाकडा होतो. ह्यावर काढलेला तोडगा असा की, ज्याप्रमाणे दक्ष कुलकर्णी कच्ची वही आणि पक्की खतावणी अशी दोन दप्तरे ठेवतो, त्याप्रमाणे प्रत्येक स्थानाचे दोन आकडे ठेवावयाचे, एक खरा आणि एक ठिपक्यांचा. शब्दाच्या आत अक्षरे ठिपक्यांच्या आकड्याने चालतात. अक्षराच्या मापाच्या सहाव्या हिश्शाइतकी किंवा त्याहून मोठी मोकळी जागा उजवीकडे आली की खऱ्या आकड्याशी मेळ घालून बाकी शून्य करावयाची. आणि लांब शब्दात दोन आकड्यांतील तफावत दोन ठिपक्यांपलीकडे जाऊ लागली, तर तेथल्या तेथे एका ठिपक्याची दुरुस्ती करावयाची. म्हणजे चुकीला शब्दांमधील पांढऱ्या जागेत नेऊन सोडावयाचे, जेथे ती कोणाच्याही नजरेस पडत नाही. रेघांसाठी निराळा कायदा केला गेला: रेघेची जाडी नेहमी वरच्याच पूर्णांकावर न्यावी, कारण अर्ध्याहून कमी ठिपक्याची रेघ जवळच्या पूर्णांकावर आणली असता शून्य होते, आणि अपूर्णांकाच्या रेघेविना वरचा अंश खालच्या छेदावर कोसळतो.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही. रोमन लिपीत शब्दाच्या आत एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर तो अक्षरांमधील फटीत जिरतो. पण ज्या लिपीत अक्षरांमध्ये फटच नाही, डोक्यावरून अखंड शिरोरेषा धावते, तेथे काय होईल? तेथे एका ठिपक्याची जादा रुंदी शिरोरेषेत पांढरी चीर होऊन दिसेल. शिशाच्या खिळ्यांच्या काळी झिजलेल्या टाइपाने छापलेल्या पोथ्यांत ही चीर आपण जागोजाग पाहिलेली आहे, आणि निर्णयसागर छापखान्याच्या कामाची जी ख्याती झाली तिच्यात शिरोरेषेच्या सलगतेचा वाटा मोठा होता. म्हणून देवनागरीचे अक्षर ठिपक्यांत घडविताना शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर किंचित पुढे काढावी लागते, म्हणजे शेजाऱ्याशी थोडी एकावर एक आली तरी हरकत नाही पण अंतर पडू नये; आणि तिची उंची व जाडी एकाच पूर्णांकावर सर्व अक्षरांत बांधून टाकावी लागते, नाही तर ‘क’ची रेषा ‘म’च्या रेषेपेक्षा एक पायरी उंच दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पीयूष घोष ह्यांनी भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर आणि जुळणीवर लिहिलेला प्रबंध १९८३ साली स्टॅनफर्डनेच आपल्या अहवालमालेत छापला, आणि १९९१ मध्ये नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाइस ह्यांनी मेटाफाँटमध्ये घडविलेली देवनागरी सर्वांस मुक्त करून दिली. संस्कृत व मराठी ग्रंथांची टेकने केलेली जुळणी पुष्कळ काळ ह्याच अक्षरांवर चालली.

तिरप्या रेषांचा प्रश्न ह्याहूनही चिवट निघाला. मेटाफाँटची कल्पनाच अशी की, ठरावीक आकाराचा बोरू गणिताने दिलेल्या वाटेने फिरवावा आणि त्याचा माग म्हणजे अक्षर. पण पूर्ण गोलाकार बोरूचा माग ठिपक्यांत उतरविला की आडव्या रेषेची जाडी एक, तिरपीची दुसरी, आणि वळणावर तिसरीच अशी अंदाधुंदी माजते. जॉन हॉबी ह्या विद्यार्थ्याने, ज्याचा प्रबंध १९८५ साली मान्य झाला, ह्यावर जो उपाय सुचविला तो मला ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग वाटतो: गोल बोरू सोडून द्यावा, आणि त्याच्या जागी असा बहुकोन घ्यावा की ज्याचे शिरोबिंदू ठिपक्यांच्या जाळ्याशी मेळ राखून बेतलेले आहेत, जेणेकरून कोणत्याही उतारावर रेषेची जाडी सारखीच उतरेल. वर्तुळाशी प्रतारणा केल्यानेच रेषा वर्तुळाच्या बोरूने काढल्यासारखी गुळगुळीत दिसू लागली.

काही ठिकाणी चूक दूर सारणे शक्यच नव्हते, तेथे ती निदान जाहीर करण्याचा प्रामाणिकपणा होता. अक्षरांच्या मापांची जी संक्षिप्त नोंदवही टेक वाचते, तिच्यात जागेच्या टंचाईमुळे एका अक्षरमालिकेत उंचीची सोळाच निरनिराळी मूल्ये मावतात, आणि त्यांतील पहिले शून्यासाठी राखीव. सतरावी उंची आली की मेटाफाँट जवळजवळच्या उंचींना एकत्र करून तडजोड घडवून आणते, आणि जास्तीत जास्त किती फेरफार करावा लागला त्याचा आकडा कर्त्याच्या पुढ्यात मांडते.

हे सर्व नियम कागदावर राहिले असते तर त्यांचा उपयोग थोडाच झाला असता. क्नूथ ह्यांनी दोन्ही प्रणालींसाठी ‘ट्रिप’ आणि ‘ट्रॅप’ नावाच्या दोन परीक्षा रचल्या. त्यांतील मजकूर अर्थशून्य, मुद्दाम वाकडा, प्रणालीच्या अडगळीतील प्रत्येक कोपऱ्यात शिरणारा आहे. आणि नव्या यंत्रावर टेक बसविणाऱ्याने हा मजकूर चालवून मिळालेले उत्तर छापील उत्तराशी अक्षरशः ताडून पाहिल्याखेरीज आपल्या प्रणालीस टेक हे नाव लावू नये, असा हुकूम. टेकच्या परीक्षेत सवलत आहे ती मुख्यतः शब्दांमधील जागा प्रत्यक्ष ताणण्याच्या गुणोत्तराला, कारण तेवढ्यापुरता यंत्राचा अपूर्णांक चालू दिलेला आहे, आणि त्याने ओळ वा पान कोठे तुटावे ह्यात बदल होत नाही.

चुकांचे दप्तरही त्यांनी त्याच शिस्तीने ठेवले. टेक लिहिताना झालेली प्रत्येक चूक, आरंभापासून, तारीखवार नोंदली गेली, आणि १९८९ साली ती संपूर्ण कैफियत प्रसिद्ध झाली. तीत चुकांचे पंधरा वर्ग पाडले असून त्यांत निव्वळ घोडचुकांचा वर्ग आहे, विसरलेल्या गोष्टींचा आहे, आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना उद्भवणाऱ्या अडचणींचाही आहे. नवी चूक दाखविणाऱ्यास २.५६ डॉलर देण्याची प्रथा होती; टेकबाबत ती रक्कम दरसाल दुप्पट होत ३२७.६८ डॉलरांवर स्थिर झाली. अनेकांनी हे धनादेश न वटविता चौकटीत बसवून भिंतीवर लावले, त्यामुळे खजिन्यावर फारसा ताण पडला नसावा.

दरम्यान बाजारपेठेत अक्षरांचा प्रश्न निराळ्या हातांनी सुटत होता. ॲडोबी कंपनीने आपल्या अक्षरांत दांडे कोठे आहेत ह्याच्या सूचना पेरल्या आणि त्यांचे रहस्य १९९० पर्यंत कुलपात ठेवले. ॲपलने, त्या मक्तेदारीस शह म्हणून, १९९१ मध्ये ‘ट्रूटाइप’ बाहेर काढली, जीत ठिपक्याचे चौसष्ट भाग कल्पून प्रत्येक अक्षरासोबत त्याच्या पूर्णांकाचे नियम सांगणारी एक छोटी आज्ञावलीच दिलेली असते. पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या विंडोजनेही तीच स्वीकारली. तत्त्व तेच, अंमल मात्र अक्षरागणिक सोपविलेला.

क्नूथ ह्यांनी १९९० नंतर आपल्या दोन्ही प्रणालींत नव्या सोयी घालण्याचे थांबवून केवळ चुकांची दुरुस्ती चालू ठेवली, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक टेकचा आवृत्तिक्रमांक पाय ह्या संख्येच्या व मेटाफाँटचा ई ह्या संख्येच्या आणखी एका दशमस्थळाने जवळ जाईल अशी योजना केली. आपल्या निधनानंतर हे क्रमांक त्या दोन संख्याच व्हावेत आणि तोवर उरलेल्या चुका ह्या प्रणालींचे गुणधर्म समजले जावेत, असेही त्यांनी लिहून ठेवले. दुरुस्तीच्या तपासण्या मुदतीने होतात, आणि प्रत्येक मुदत आधीच्या मुदतीहून एका वर्षाने लांब: २००८, २०१४, २०२१. शेवटच्या तपासणीत टेक ३.१४१५९२६५३ वर आणि मेटाफाँट २.७१८२८१८२ वर आली. पुढची तपासणी २०२९ सालासाठी राखून ठेवली आहे.